वार किती खोल जावी?

खारघरच्या उत्सव चौकातून सीआयएसएफच्या रस्त्याला लागलं की टाटा मेमोरियलचं ‘अ‍ॅक्ट्रेक’ येतं. १९५२ साली परळला सुरू झालेलं कर्करोग संशोधनाचं हे केंद्र २००२ मध्ये इथे हललं. पेशी आपली हद्द सोडून शेजारच्या ऊतीत कशी शिरते, हा इथल्या प्रयोगशाळांचा नेहमीचा प्रश्न. पण निरोगी शरीरातही एक पेशी अशीच आत शिरते, रक्तवाहिन्या गाठते आणि ठरावीक खोलीवर थांबते. ती वारेची पेशी. ती आत शिरली नाही तर गर्भ टिकत नाही आणि थांबली नाही तर आईच्या जिवावर बेततं.

तिचा माग काढणारी संस्था परळलाच आहे, केईएम रुग्णालयाच्या सान्निध्यात. राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था हे तिचं आजचं नाव. तिचा आरंभ मात्र उलट टोकाकडून झाला. १९५२ मध्ये देशाने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला आणि १९५४ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने गर्भनिरोधकं तपासण्यासाठी मुंबईत एक छोटा विभाग काढला. १९७० मध्ये त्याची पूर्ण संस्था झाली. गर्भ राहू नये म्हणून काय करावं हे विचारता विचारता मुळात तो राहतो कसा, हा प्रश्न पुढ्यात येणं अटळ होतं.

या वळणाचा चेहरा म्हणजे संस्थेचे तेव्हाचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार. दिल्लीत असताना नाकात फवारायच्या गर्भनिरोधकावर काम केलेला हा माणूस. त्यांनी केईएमच्या डॉ. इंदिरा हिंदुजांबरोबर परळला टेस्ट ट्यूब बेबीचा प्रयोग उभा केला. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएममध्ये मुलगी जन्मली आणि देशातलं पहिलं असं बाळ म्हणून तिची नोंद झाली. पुढे कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जी यांची कागदपत्रं आनंद कुमारांच्या हाती आली. १९७८ मध्येच मुखर्जींनी हे साधलं होतं, पण त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही आणि १९८१ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. आनंद कुमारांनी १९९७ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये लेख लिहून पहिलेपणाचा मान मुखर्जींना दिला. स्वतःच्या नावावरचा विक्रम असा पुराव्यानिशी दुसऱ्याला देणारे शास्त्रज्ञ विरळाच.

काचेच्या बशीत गर्भ तयार करता येऊ लागला, तरी त्याचं रुजणं हाती आलं नाही. फलनानंतर पाच-सहा दिवसांनी गर्भ म्हणजे मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढा पेशींचा पोकळ गोळा असतो. गर्भाशयाचं अस्तर त्याला महिन्यातले मोजकेच दिवस स्वीकारतं. प्रोजेस्टेरॉनच्या प्रभावाखाली ते मऊ, रसरशीत होतं. यशस्वी गर्भारपणांत बहुतेक गर्भ बीजविमोचनानंतर आठव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास रुजतात. पुढे वारेच्या पेशी आईच्या बारीक धमन्यांच्या भिंती पोखरून त्या रुंद करतात, म्हणजे वारेला भरपूर रक्त मिळतं. हे काम अपुरं राहिलं तर पुढच्या महिन्यांत रक्तदाब चढण्याचा, बाळाची वाढ खुंटण्याचा धोका असतो. जुन्या सिझेरियनच्या व्रणावर वार बसली, तर ती स्नायूपर्यंत रुतू शकते. मग बाळंतपणात ती सुटत नाही आणि रक्तस्राव आवरत नाही.

थांबायचं कुठे, हे एकटी वार ठरवत नाही. परळच्या संस्थेत डॉ. दीपक मोदी यांच्या गटाने ‘हॉक्स-ए-१०’ या जनुकाचा पाठपुरावा केला. ज्या उंदरिणींमध्ये हे जनुक नसतं, त्यांच्यात गर्भ नीट रुजत नाही, हे १९९५ पासून माहीत होतं. म्हणजे अस्तर तयार व्हायला ते हवंच. मोदींच्या गटाने २०१७ मध्ये पुढची बाजू दाखवली: गर्भ रुजल्यावर अस्तरात या जनुकाचं काम मंदावतं आणि त्यामुळेच वारेच्या पेशींना आत सरकायला वाव मिळतो. दार उघडण्यात आईचं शरीरही सामील असतं, असा याचा अर्थ.

बाईच्या पोटात गर्भ रुजताना प्रत्यक्ष पाहता येत नाही. म्हणून उंदीर वापरतात, बशीत वाढवलेल्या पेशी वापरतात. जगभरच्या प्रयोगशाळांत वारेच्या जागी वापरल्या जाणाऱ्या पेशींपैकी काही मूळच्या वारेच्याच कर्करोगातून आलेल्या आहेत. हाच कर्करोग १९५६ मध्ये मेथोट्रेक्झेटला शरण गेला आणि पसरलेली गाठही औषधाने बरी होते, हे प्रथम दिसलं. घुसखोरीचं शास्त्र कर्करोगवाल्यांचं आणि प्रसूतिवाल्यांचं वेगळं नाही.

कोविडच्या साथीत या संस्थेने नायर रुग्णालयाबरोबर ‘प्रेगकोविड’ नोंदवही सुरू केली आणि बाधित गर्भवतींची माहिती पद्धतशीर गोळा केली. तातडीच्या वेळी असं काम उभं राहतं, ते आधीची दशकं प्रयोगशाळेत घालवलेली असतात म्हणून. आज पनवेलपासून परळपर्यंत वंध्यत्व उपचारांच्या पाट्या दिसतात. त्यांच्याकडे गर्भ तयार करण्याचं कसब आहे. तो का रुजला नाही, याचं उत्तर अनेकदा नसतं. ते शोधायला पैसा आणि सवड सरकारी संस्थेनेच द्यायला हवी, कारण न रुजलेल्या गर्भाचं बिलही दवाखान्याला मिळतंच.