धुरकट

धुरकट : धुराचा रंग, वास किंवा चव दर्शविणारे मराठी विशेषण. ‘धूर’ या नामास ‘कट’ हा प्रत्यय लागून ते बनते. मळकट, तेलकट या शब्दांतही हाच प्रत्यय असून तो नकोशा अंशाचा बोध करून देतो. इंग्रजीतील ‘फ्युलिजिनस’ हे विरळ विशेषण काजळी या अर्थाच्या ‘फुलिगो’ या लॅटिन शब्दावरून आले असून त्याचा रोख मुख्यतः काळपटपणाकडे आहे. ‘धुरकट’ची व्याप्ती त्याहून मोठी आहे. मालवण किनाऱ्यावरील चुलीच्या स्वयंपाकघरात ती स्पष्ट होते : तेथे भिंती धुरकट दिसतात, कपड्यांना धुरकट वास येतो आणि पावसाळ्यात ओल्या सरपणावर तापविलेले दूध धुरकट लागते. ओलाव्यामुळे ज्वालेचे तापमान उतरते व ज्वलन अपूर्ण राहते. त्यामुळे कार्बनाची काजळी धरते, तसेच लाकडातील लिग्निनाच्या विघटनाने ग्वायकॉलसारखी फिनॉलवर्गीय संयुगे निर्माण होतात. काजळीने रंग येतो, तर या संयुगांमुळे वास व चव. अशा धुरात वर्षानुवर्षे स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांना श्वसनविकार जडण्याचा धोका असतो. गॅसच्या शेगडीमुळे घरातील धूर कमी होत गेला, हे इष्टच होय. मात्र त्याबरोबर या शब्दाचा चवीचा अर्थ मागे पडून केवळ रंगाचा अर्थ उरण्याचा संभव आहे.