जुन्या मोटारीला टर्बो : आधी हिशेब, मग भाता

परवा बिडकीनच्या बसथांब्यावर माझा एक जुना विद्यार्थी भेटला. घरची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली. मोबदल्यातले थोडे पैसे अजून हाती आहेत. वडिलांची प्रीमियर पद्मिनी पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. म्हणाला, "सर, भंगारात एक टर्बो स्वस्त मिळतोय. पद्मिनीला बसवावा म्हणतो. तुम्ही अर्थशास्त्र शिकवता, तेवढा हिशेब करून द्या."

आता मी काही मिस्त्री नव्हे. पण गोष्ट हिशेबाची निघाली, म्हणून दोन जाणत्या मिस्त्रींपाशी बसून ती समजून घेतली. अशी जुनी गाडी आणि असा हौशी मुलगा पुष्कळांच्या घरी असेल. तेव्हा ती आपल्यापुढेही मांडतो.

टर्बो म्हणजे काय? लोहाराचा भाता आठवा. वारा वाढला की कोळसा फुलतो. इंजिनाचेही तसेच. जास्त हवा कोंबली, तर तिच्याबरोबर जास्त पेट्रोल जाळता येते आणि ताकद वाढते. हा भाता चालतो तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूवर. त्या वायूने एक चाक फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चाक हवा दाबते. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. ही चाके मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतात.

आता मिळकत पाहू. पद्मिनीचे इंजिन १०८९ सी.सी.चे, ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. समजा, हवेचा दाब चाळीस टक्क्यांनी वाढवला. मग ताकदही चाळीस टक्के वाढेल का? नाही. सायकलचा पंप हवा भरताना तापतो ना? तशीच दाबलेली हवा तापते, आणि तापलेली हवा विरळ होते. ३५ अंशांची हवा ८० अंशांच्या पुढे जाते. म्हणजे प्रत्यक्षात हवा वीस टक्केच अधिक मिळते. मध्ये इंटरकूलर बसवून ती निवविली, तर तीस टक्क्यांच्या आसपास. सारा खटाटोप दहा-बारा अश्वशक्तींसाठी आहे, हे आधी वहीत लिहून ठेवा.

आता खर्चाची बाजू. तापलेल्या, दाबलेल्या हवेत पेट्रोल ठिणगीची ज्वाला पोहोचण्याची वाट न पाहता आपोआप पेटते आणि इंजिन ठोके देऊ लागते. हे ठोके चालू राहिले, तर पिस्टनला भोक पडते. हवा वाढली त्याहून पेट्रोल थोडे अधिकच हवे. पण जुन्या कार्बोरेटरला हा वाढीव दाब कळत नाही. त्यात आजच्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असते. आपल्या उसापासूनही ते बनते, याचा आनंद आहे. पण तेवढ्याच हवेला असे पेट्रोल जास्त लागते, शिवाय जुन्या रबरी नळ्या त्याने खराब होतात. तेव्हा नळ्या, पेट्रोलपंप, कार्बोरेटरचे जेट आणि ठिणगीची वेळ, सगळेच नव्याने जुळवावे लागते.

भंगारातला टर्बो बहुधा डिझेल गाडीचा असतो. पेट्रोल इंजिनाचा धूर डिझेलपेक्षा बराच अधिक तापलेला असतो; ती आच त्याला सोसेलच असे नाही. तो मोठ्या इंजिनाचा असला, तर लहान इंजिनावर वेळेवर फिरतच नाही. त्याच्या दांड्याला स्वच्छ ऑइल सतत मिळाले पाहिजे. दांडा हलत असेल, तर फुकट मिळाला तरी घेऊ नये.

म्हणून माझा हिशेब असा. हातात शंभर रुपये असतील, तर चाळीस इंजिनाच्या दुरुस्तीला. वीस पेट्रोल, ठिणगी आणि ऑइलच्या सोयीला. वीस ब्रेक, क्लच, टायर आणि रेडिएटरला. टर्बोला दहा, आणि दहा गाठीला. टर्बो ही यातली सर्वांत स्वस्त वस्तू आहे, आणि तिथेच माणूस फसतो.

पण पहिला रुपया खर्चण्याआधी आर.टी.ओ. कार्यालयात जा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, कारखान्याने ठरवलेला आणि नोंदणीपुस्तकात असलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला मनाने करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. अपघात झाला, तर विमा कंपनी याच मुद्द्यावर अडून बसू शकते. लेखी परवानगी नसेल, तर अशी गाडी रस्त्यावर आणू नये.

दुसरे काम कॉम्प्रेशन मोजण्याचे. चारही सिलिंडरांचे आकडे एकमेकांजवळ हवेत. एखादा दहा टक्क्यांहून अधिक मागे पडला, तर त्या इंजिनावर भाता लावणे म्हणजे थकल्या बैलाला चाबूक मारणे.

आमच्या गड्याने गेज लावून पाहिले. तीन सिलिंडर ठीक, चौथा बराच खाली. त्याने टर्बोचा नाद सध्या सोडला. नव्या रिंगा, नवे ब्रेक, नव्या नळ्या घातल्या. गेल्या आठवड्यात वडिलांना घेऊन पैठणला जाऊन आला. म्हणाला, "सर, गाडी तरुण झाली!"

मी म्हटले, "झाली नाही रे, तिची हरवलेली ताकद तिला परत मिळाली. जादा ताकदीचे पुढे पाहू."