पोट्ट्यांना घेऊन ताडोब्याला

मुंबईहून गोव्याकडे किंवा लक्षद्वीपकडे निघालेल्या क्रूझवर लेकरं किरकिरू लागली, तर त्यांना सोडायला जागा असते. खेळायची खोली, पोहायचा तलाव, दिवसभर चालू असलेलं खाणं. ताडोब्याभोवतीच्या महागड्या रिसॉर्टांतही यातलं बरंच काही मिळतं. खरी कसोटी लागते ती पहाटे, मोहर्लीच्या किंवा कोलाऱ्याच्या गेटवर जिप्सीत चढल्यावर. पुढचे तीन-चार तास ओरडायचं नाही, उभं राहून नाचायचं नाही आणि ठरलेल्या थांब्याशिवाय खाली पाय ठेवायचा नाही. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या गाभ्यात, मोबाइललाही बंदी. लेकरू शांत ठेवण्याचं हल्लीचं घरोघरचं हुकमी साधन गेटबाहेरच राहतं.

चंद्रपूर जिल्ह्यातलं ताडोबा हे महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, 1955 सालचं. पुढे 1995 मध्ये अंधारी अभयारण्यासह इथे व्याघ्र प्रकल्प झाला. कोअरचं क्षेत्र सुमारे 625 चौरस किलोमीटर. मंगळवारी सफारी बंद असते, आणि जुलै ते सप्टेंबर कोअर पर्यटकांना बंद.

उरलेल्या महिन्यांत आईबाप मे निवडतात, कारण शाळेला सुट्टी. पाणवठे आटलेले असल्याने तेव्हा वाघ दिसण्याची शक्यताही वाढते, हे खरं. पण चंद्रपूरचा मे म्हणजे पारा पंचेचाळिशीपार, आणि जिप्सीला छप्पर नाही. पाच वर्षांच्या पोराला दुपारच्या फेरीत भाजून काढायचं आणि वर त्यानं शहाण्यासारखं वागावं अशी अपेक्षा धरायची, हा अन्याय आहे. दिवाळीच्या सुट्टीत गवत उंच असतं, वाघ सहज दिसत नाही. तरीही लहानग्यांसाठी तोच काळ बरा. पहाटे मात्र उघड्या गाडीत वारा झोंबतो. स्वेटर, कानटोपी आणि एक जाड चादर हवीच.

जिप्सीतली पोरं बिघडतात ती बहुधा मोठ्यांमुळे. आठवडाभर घरात एकच जप चाललेला असतो, वाघ दिसणार. मग दर पाच मिनिटांनी ‘वाघ कुठाय?’ सुरू होतं आणि तासाभरात रडं. मुलांना हाताळणारा मुरलेला गाइड त्यांना काम लावून देतो. रस्त्याच्या धुळीत पगमार्क शोध, म्हणतो. चितळाचा कॉल तीक्ष्ण, सांबराचा भारदस्त, झाडावरच्या वानराचं खकरणं वेगळं. कोण ओरडलं ते तू सांग. सांबर सहसा उगाच ओरडत नाही, हे एकदा कळलं की गाडीतलं सर्वांत वाह्यात पोट्टंही श्वास रोखून बसतं. ‘गप्प बस’ म्हणून जे साधत नाही ते ‘ऐक’ म्हटल्यानं साधतं.

वाघ नसला तरी दाखवायला पुष्कळ आहे. पांढुरक्या सालीचं कुल्लू, म्हणजेच लोकांचं भुताचं झाड. ताडोबा तलावातल्या मगरी. रस्त्याच्या कडेचे गोंडकाळातले दगडी खांब; राजाच्या येण्याची वर्दी द्यायला त्यांतून दोर ओढून घंटा वाजवत, असं सांगतात. तलावाकाठी तारूचं स्थान आहे. वाघाशी झुंजताना मेलेला हा गावप्रमुख पुढे देव झाला आणि त्याच्याच नावावरून ताडोबा, अशी कथा आहे. ही गोष्ट मुलं दोनदा ऐकतात.

याच जंगलाला लागून राहणाऱ्या मुलांची गोष्ट निराळी. कोअरभोवतीच्या बफर पट्ट्यातल्या गावांत वाघ हा करमणुकीचा विषय नाही. अंधार पडला की एकट्यानं बाहेर जायचं नाही, रानात वाकून बसायचं नाही, हे त्यांना अक्षरांआधी शिकवलं जातं. मार्च-एप्रिलमध्ये घरची माणसं पहाटे मोहफुलं वेचायला निघतात तेव्हा मागे राहिलेल्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो. आणि तरी यातल्या कितीतरी मुलांनी गेटच्या आतलं जंगल पाहिलेलं नसतं. जिप्सीचं भाडं मजुराच्या घराला कसं परवडणार? व्याघ्र प्रकल्पाच्या ‘चला माझ्या ताडोबाला’ या उपक्रमातून गावांतल्या शाळकरी मुलांना आत नेलं जातं. शहरातून आलेल्या मुलांना जे सारं सांगून शिकवावं लागतं, त्यातलं अर्धं ही मुलं घरूनच घेऊन आलेली असतात. असे उपक्रम वाढायला हवेत, रिसॉर्टांनीही त्याचा थोडा भार उचलायला हवा.

मुलं सात-आठ वर्षांच्या वर असतील आणि लांबच्या प्रवासाला कंटाळत नसतील, तर पुढे गडचिरोलीत शिरावं. भामरागड तालुक्यात हेमलकसा आहे. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या लोकबिरादरी प्रकल्पाचं काम तिथे 1973 पासून सुरू आहे आणि शिकारीत पोरक्या झालेल्या प्राण्यांचं अनाथालयही. रिसॉर्टची चैन तिथे मागू नये. पावसाळ्यात तर जाऊच नये. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो.

याच जिल्ह्यात अहेरी तालुक्यातल्या कमलापूरला वनविभागाचा हत्ती कॅम्प आहे. पूर्वी लाकडं ओढणारे हत्ती आता तिथे तुलनेनं निवांत असतात. हिवाळ्यात काही दिवस त्यांच्या पायांना औषधी वनस्पतींचा लेप देतात, त्याला चोपिंग म्हणतात. तेव्हा हत्ती सुट्टीवर आणि कॅम्प पाहुण्यांना बंद, म्हणून निघण्याआधी वनविभागाकडे चौकशी करून घ्यावी.