टॅबवर वाजवणाऱ्या वर्गात वाजवतं कोण?



सुरुवात माझ्यापासूनच करतो. मी सातवीत होतो तेव्हा शाळेच्या समूहगीतात मला घेतलं. गळा बरा होता म्हणून नव्हे हं, मागच्या रांगेत एक मुलगा कमी पडत होता म्हणून. तिसऱ्या तालमीला गुरुजी माझ्यापाशी येऊन थांबले, जरा कान दिला, आणि म्हणाले, "तू नुसते ओठ हलव." हलवले. पंधरा ऑगस्टला घरी आल्यावर आई म्हणाली, छान गायलास. साठ वर्षं होऊन गेली, पण आजच्या विषयाची तयारी करताना तेच पुन्हा पुन्हा आठवत होतं.

विषय आहे माध्यमिक शाळेत टॅब घेऊन अख्ख्या वर्गानं संगीत करणं. 'अख्ख्या' हा शब्द धरून ठेवा. स्नेहसंमेलनासाठी निवडलेल्या दहाजणांबद्दल मी बोलत नाहीये. हार्मोनियम येणारी एक, कधी कशाला हात न लावलेले वीस, आणि मागच्या बाकावर ठेका धरणारे चार, या सगळ्यांना एकत्र वाजवायचंय.

ही चर्चा इंग्लंडमध्ये बरीच जुनी आहे. तिथल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात साधारण चौदाव्या वर्षापर्यंत संगीत हा विषय सगळ्यांना असतो, आणि त्यात एकत्र वाजवणं अपेक्षित असतं. १९७० साली जॉन पेंटर आणि पीटर अ‍ॅस्टन यांचं 'साउंड अँड सायलेन्स' आलं. मुलांनी वर्गात स्वतःचं संगीत घडवावं, हा त्याचा आग्रह. २००३ मध्ये 'म्युझिकल फ्यूचर्स' सुरू झालं. बँडमधली पोरं जशी मित्रांकडून, कानानं ऐकून शिकतात तसं शाळेत शिकता येईल का, हा ल्यूसी ग्रीन यांचा प्रश्न त्यातून वर्गात पोचला. पुढे २०१० ला आयपॅड आला, २०११ ला त्यावर गॅरेजबँड. ड्रम, गिटार, बेस, ध्वनिमुद्रण, सगळं पाटीएवढ्या वस्तूत. आपल्याकडेही वर्गात गाणं शिकवावं का हा वाद झालेलाच आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा गुरूसमोर एकट्यानं बसायची विद्या घोळक्यात कशी शिकवणार, ही शंका होतीच.

आता माझ्या विषयाकडे येतो, म्हणजे तत्त्वज्ञानाकडे. अ‍ॅरिस्टॉटलच्या 'पॉलिटिक्स'च्या आठव्या भागात हा प्रश्न जवळजवळ असाच आहे. मुलांनी स्वतः वाजवावं, की दुसऱ्याचं ऐकलं तरी पुरे? तो म्हणतो, लहानपणी वाजवायलाच हवं. स्वतः न करता त्यातलं बरंवाईट कळणं फार अवघड. मोठेपणी सोडलं तरी चालेल. पण व्यावसायिक कसब लागणारी वाद्यं, म्हणजे औलोससारखी, त्याला शाळेत नको होती. आणि गंमत बघा, तिथेच तो आर्किटसच्या खुळखुळ्याचं कौतुक करतो. पोरांच्या हातात खुळखुळा दिला की घरातल्या वस्तू फुटत नाहीत!

मग टॅब म्हणजे काय? चांगलं वाद्य, की आपल्या काळातला खुळखुळा?

उत्तर टॅबमध्ये नाही, त्यातल्या एका बटणात आहे. गॅरेजबँडच्या 'स्मार्ट' गिटारमध्ये पडद्यावर कॉर्डच्या पट्ट्या दिसतात. 'ऑटोप्ले' चालू केलं की पट्टीवर बोट टेकायचं, गिटार आपापली वाजत राहते. मूल खिडकीबाहेर बघत असतं. पाहुणे टाळ्या वाजवतात. हे ओठ हलवणं आहे, दुसरं काही नाही. तेच बटण बंद करा. पट्ट्या त्याच राहतात, बोटं मोडून कॉर्ड धरायची गरज अजूनही नाही, पण प्रत्येक आघात आता मुलाला स्वतः करावा लागतो. आणि तो कधी करायचा हे शेजाऱ्याकडे कान दिल्याशिवाय कळत नाही.

सोपं करण्यात पाप नाही. कार्ल ऑर्फच्या शालेय झायलोफोनच्या पट्ट्या काढून ठेवता येतात. नको ते स्वर काढले की उरतात पाच, आपल्या भूपासारखे. कुठेही टिपरू मारा, फारसं खटकत नाही. टॅबवर स्वर मर्यादित करणं हे त्याचंच पुढचं रूप. इथे विट्गेनस्टाइन आडवा येतो हं! जिथे चूक होऊच शकत नाही तिथे बरोबर या शब्दालाही अर्थ उरत नाही. म्हणून माझं मत असं, की स्वरात यंत्राची मदत खुशाल घ्या, लयीत घेऊ नका. चुकलेला आघात ओढून जागेवर बसवणारी 'क्वांटाइझ'ची सोय वर्गात बंदच ठेवा. लेझीम आठवा. तिच्यात स्वराची चूक करायला वावच नाही, पण एकाचा हात मागे राहिला की अख्खी रांग ओळखते.

आता जरा कामाचं. एका तालुक्याच्या गावी मी असा वर्ग पाहिला. ४२ मुलं, १४ टॅब. पहिल्या दिवशी नुसता गोंगाट. टॅबचा भोंगा एवढासा, त्यातून बेस ऐकूच येत नाही. बाईंनी मग ब्लूटूथचा मोठा स्पीकर आणला, आणि गाणं आणखीच विस्कटलं. मुलं चुकत नव्हती. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे सात मीटरवरच्या बाकाला सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचा उशीर. तो कान चालवून घेतो. पण ब्लूटूथमध्ये सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग सहज जातो. अर्ध्या सेकंदाची मात्रा असेल तर हा उशीर फार झाला. वायर लावली, प्रश्न मिटला.

टॅब कमी होते याचा फायदाच झाला. तिघांत एक टॅब. एकानं वाजवायचं, एकानं हातावर मात्रा मोजायच्या, तिसऱ्यानं ऐकून सांगायचं, आणि दर १६ मात्रांनी पाळी बदलायची. हेडफोन घालून तीस मुलं तीस बेटांवर बसतात, त्यापेक्षा हे मला शतपट बरं वाटतं.

एक अडचण मात्र राहते. टॅबवर तानपुरा लावला आणि त्यावर टॅबचाच गंधार वाजवला, तर तयार कानाला तो टोचतो. अर्धस्वराचे शंभर भाग केले तर तानपुऱ्यातल्या नैसर्गिक गंधारापेक्षा तो १४ भाग चढा असतो. हार्मोनियमवरचा आक्षेप तरी वेगळा काय होता? आकाशवाणीनं १९४० पासून तीस वर्षं तिला दाराबाहेर ठेवलं. मुलांना दोन्ही गंधार ऐकवा, फरक त्यांना ऐकू येतो.

त्या वर्गात एक मुलगा सतत लय सोडायचा. आता सगळे टॅब वायरींनी मिक्सरला जोडलेले. बाईंच्या बोटाखाली त्याच्या आवाजाची कळ होती. ती खाली ओढली असती तर कुणालाच कळलं नसतं, त्यालाही नाही. मी श्वास रोखून बघत होतो. बाईंनी कळ तशीच ठेवली. त्याला बेस दिला, चार मात्रांत एकच आघात, समेवर. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा ओठ घट्ट मिटून, मान हलवत थांबला, आणि बरोबर समेवर वाजवला. पुढच्या आवर्तनात पुन्हा चुकला.