पाण्यावर मोटार : एक हिशेब

रिक्षाचालकांच्या एका सभेत एका चालकाने माझ्यापुढे काचेची एक बरणी आणून ठेवली. आत पाणी, पोलादाच्या चार पट्ट्या आणि झाकणातून निघालेली रबरी नळी. विकणाऱ्याने सांगितले होते की, ही बरणी बॅटरीला जोडा. पाण्यातून हायड्रोजन निघेल, तो इंजिनात जाईल आणि इंधनाचा खर्च निम्मा होईल. गाडीच्या हप्त्याचे पैसे बिचाऱ्याने त्यात घातले होते. "भाऊ, बुडबुडे तर येतात," तो म्हणाला, "मग खर्च का उतरत नाही?" बुडबुड्यांत हायड्रोजन खरोखरच होता, म्हणून त्याला थट्टेवारी उत्तर देणे बरोबर झाले नसते.

हायड्रोजन जळतो म्हणजे प्राणवायूशी संयोग पावतो, आणि त्यापासून पाणी होते. तेव्हा पाणी ही हायड्रोजनची राख आहे. चुलीतल्या राखेवर भाकरी भाजत नाही. पाण्यातून पुन्हा हायड्रोजन काढावयाचा, तर जळताना जेवढी शक्ती बाहेर पडली निदान तेवढी परत घालावी लागते. निकल्सन आणि कार्लाइल यांनी १८०० साली इंग्लंडात विजेच्या प्रवाहाने पाण्याचे दोन वायू वेगळे केले, तेव्हापासून ही युक्ती ठाऊक आहे. ९ किलो पाण्यातून १ किलो हायड्रोजन आणि ८ किलो प्राणवायू निघतो. युक्ती खरी आहे. लबाडी असते ती वीज कोठून आली हे न सांगण्यात.

बरणीला वीज मिळते रिक्षाच्याच इंजिनापासून. ढोबळ हिशेब करू. १०० पैशांचे इंधन जाळले की सुमारे २५ पैशांचे काम हाती येते, बाकी उष्णता होऊन उडून जाते. हे २५ पैसे जनित्राला दिले तर वीज मिळते फार तर १५ पैशांची; तिच्यातून हायड्रोजन निघतो १० पैशांचा; तो इंजिनात जाळला की हाती परत येतात अडीच पैसे. पंचवीस देऊन अडीच घेण्याचा करार कोणत्याही कामगाराने डोळे उघडे ठेवून केला नसता.

अशा व्यवहारात फसणारे आपल्याकडेच आहेत असे समजू नका. अमेरिकेत ओहायोमध्ये स्टॅन्ली मायर या गृहस्थाने पाण्यावर चालणाऱ्या गाडीचा दावा केला होता. १९९६ साली तेथील न्यायालयाने ती उघड फसवणूक ठरवली आणि दोघा गुंतवणूकदारांचे पैसे परत करण्याचा हुकूम दिला.

आता प्रामाणिक गाडीकडे वळू. तिच्यात हायड्रोजन पंपावर भरतात आणि इंधन-घटात त्याची वीज करून मोटार फिरवतात. जपानच्या टोयोटा कंपनीने अशी 'मिराई' गाडी २०१४ साली बाजारात आणली. ती धावते, धूर सोडत नाही, मागून पाणीच गळते. परंतु १ किलो हायड्रोजन पाण्यातून काढावयास ५० ते ५५ युनिट वीज लागते. तो वायू अतिशय विरळ असल्याने हवेच्या ७०० पट दाबाने टाकीत कोंबावा लागतो, त्याची वीज वेगळी. एकूण ६० युनिट धरा. त्यावर गाडी जाते सुमारे १०० किलोमीटर. तेवढीच वीज सरळ बॅटरीत भरली तर तशीच गाडी ३०० किलोमीटर जाते. शिवाय बॅटरीसाठी घरचा खटका पुरतो, हायड्रोजनला निराळे पंप हवेत. आणि शेल कंपनीने कॅलिफोर्नियातले मोटारींसाठीचे आपले असे पंप २०२४ साली बंदच केले.

मग हायड्रोजन टाकाऊ काय? मुळीच नाही. पंजाबात नांगलच्या खत-कारखान्याने १९६१ पासून भाक्राच्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढला, कारण अमोनिया करावयाचा तर हायड्रोजनच हवा, तेथे बॅटरी कामाची नाही. खनिजापासून लोखंड काढताना कोळशाच्या जागीही तो चालतो. केंद्र सरकारने २०२३ साली हाती घेतलेल्या हरित हायड्रोजन मोहिमेचे उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे आहे, आणि तिच्या गिऱ्हाइकांत खत व तेलशुद्धीचे कारखाने आघाडीवर आहेत.

हा सगळा हिशेब मी त्या चालकाला पाटीवर मांडून दाखवला. त्याने तो दोनदा तपासला, बरणी पिशवीत घातली आणि विकणाऱ्याचा पत्ता माझ्या वहीत लिहून दिला.