धारोष्ण दुधाइतकं कोमट

घरी बिअर करायला शिकणाऱ्याला जगात कुठेही पहिला धडा मिळतो तो तापमानाचा. एल प्रकारची बिअर साधारण 18 ते 22 अंश सेल्सिअसला आंबवायची, लागर तर 9 ते 13 अंशांना. यीस्ट साखर खातं तेव्हा स्वतःही उष्णता सोडतं, त्यामुळे पिंपाच्या आतलं तापमान खोलीपेक्षा काही अंशांनी वर जातं, हेही लक्षात ठेवायचं. नेहमीचं एल यीस्ट तिशीच्या वर गेलं की जड अल्कोहोलं तयार होऊ लागतात, बिअरला सॉल्व्हंटसारखा दर्प येतो आणि पिणाऱ्याचं डोकं धरतं. म्हणूनच हौशी मंडळी जुने फ्रीज मिळवतात, त्यांना तापमान नियंत्रक जोडतात, पिंपाला ओले टॉवेल गुंडाळतात.

नॉर्वेच्या पश्चिम भागातल्या व्हॉस गावात हा नियम कुणी पाळत नाही. तिथे बिअरसाठी तयार केलेला जवाच्या माल्टचा गोड रस 39 अंशांच्या आसपास आला की त्यात यीस्ट घालतात. वर ऊब टिकावी म्हणून पिंप पांघरुणात गुंडाळतात. काही तासांत फेस चढतो आणि दोनेक दिवसांत बिअर पिंपातून काढायला तयार होते. तिला सॉल्व्हंटचा वास नसतो, संत्र्याच्या सालीची आठवण करून देणारा सुगंध असतो. हे ज्याच्यामुळे जमतं त्या यीस्टला तिथले लोक ‘क्वाइक’ म्हणतात.

क्वाइक म्हणजे घरोघरी पिढ्यान् पिढ्या राखलेलं यीस्ट. ते कुठल्या कारखान्यातून आलेलं नाही. एका खेपेच्या बिअरमधून काढायचं, वाळवायचं, जपायचं आणि पुढच्या खेपेला वापरायचं. आपल्याकडे विरजण राखतात तसंच. एखाद्याचं यीस्ट बिघडलं तर तो शेजाऱ्याकडे जाऊन मागून आणायचा, आणि शेजारी ते देत असे.

या भागात बिअर ही चैनीची बाब नव्हती. पश्चिम नॉर्वेच्या मध्ययुगीन गुलाटिंग कायद्यात नाताळच्या सणासाठी बिअर करणं हे शेतकऱ्याचं बंधनकारक कर्तव्य होतं. न करणाऱ्याला दंड होता आणि तीन वर्षं ओळीने चुकणाऱ्याची मालमत्ता जप्त करण्याची तरतूद होती. नाताळ, सुगी, लग्न, मर्तिक अशा प्रसंगी प्रत्येक शेतघरात बिअर लागे, आणि ती घरच्याच जवापासून होत असे. अशा मोक्याच्या वेळी यीस्ट दगा देऊन चालणार नव्हतं.

दोन प्रसंगांमध्ये मात्र महिनोन् महिने जात. त्या काळात यीस्ट जिवंत कसं ठेवायचं? शेतकऱ्यांनी त्याला लाकडाचं उत्तर शोधलं. काही ठिकाणी लाकडाच्या ओंडक्याला भरपूर भोकं पाडत, काही ठिकाणी लाकडाचे छोटे तुकडे एकमेकांत अडकवून कडं तयार करत. हे कडं फसफसणाऱ्या बिअरमध्ये बुडवायचं, खाचाखोचांत यीस्ट भरलं की बाहेर काढून कोरड्या जागी टांगायचं. पुढच्या वेळी तेच कडं गोड रसात सोडलं की यीस्ट पुन्हा जागं होत असे. लाकूड नसेल तर कापडावर किंवा गवताच्या काडीवर वाळवत. अशा तऱ्हेने वाळवलेलं क्वाइक वर्षभर आणि त्याहून जास्तही टिकतं.

व्हॉसमध्ये जुन्या पद्धतीने बिअर करायला अख्खा दिवस लागतो. ज्युनिपर या सदाहरित झुडपाच्या फांद्या मोठ्या हंड्यात पाण्याबरोबर तापवायच्या, की पाण्याला रंग आणि राळेसारखा वास येतो. त्या गरम पाण्यात दळलेला माल्ट भिजवायचा. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला जव. मोड येताना धान्यात जी विकरं तयार होतात, ती 65 ते 70 अंशांच्या आसपास पिठाचं रूपांतर साखरेत करतात. मग हा रस ज्युनिपरच्या फांद्यांच्या थरातून गाळून घ्यायचा आणि चुलीवर कित्येक तास उकळत ठेवायचा. रस आटतो, दाट होतो, तांबूस पडतो. थोड्या उत्तरेला, होर्निनदालच्या परिसरात, रस उकळतच नाहीत. तिथली बिअर कच्च्या रसाची असते आणि तिला धान्याची चव जास्त असते.

इथपर्यंतचं सगळं काम माणसाचं. पण माणूस फक्त गोड रस तयार करतो, त्याची बिअर करतं ते यीस्ट.

यीस्ट घालण्याच्या क्षणी गावोगाव जोरात आरोळी ठोकण्याची प्रथा होती. आरोळी जितकी दणदणीत, तितकी बिअर कडक, असा समज होता. थर्मामीटर नव्हता तेव्हा रस किती गरम हवा हे सांगायचीही एक पद्धत होती. तो दुधाइतका कोमट हवा, असं जुने लोक सांगत. दूध म्हणजे गाईचं नुकतं काढलेलं, धारोष्ण. गाईच्या अंगाची ऊब साधारण 38 अंश असते, म्हणजे हा अंदाज आजच्या थर्मामीटरच्या आकड्याशी चांगलाच जुळतो.

आज पिंपात काय चाललंय हे हायड्रोमीटर या काचेच्या तरंगत्या नळीवरून कळतं. रसात साखर जितकी जास्त, तितकी नळी वर तरंगते. समजा, सुरुवातीला नळीवर 1.080 हा आकडा आला आणि शेवटी तो 1.016 वर उतरला, तर दोन्हींतल्या फरकाला 131 ने गुणून अल्कोहोलचं प्रमाण काढतात. ते इथे सव्वाआठ-साडेआठ टक्क्यांच्या दरम्यान येतं. फेस बसला म्हणजे काम संपलं, असं धरून चालत नाही. थोड्या अंतराने दोनदा मोजून आकडा तोच आला, तरच आंबवणं पूर्ण झालं असं समजायचं. साखर शिल्लक असताना बाटल्या बंद केल्या तर आत वायू साठत जातो आणि बाटल्या फुटतात. जुन्या नॉर्वेजियन शेतघरांतली बिअर पिंपातूनच ओतली जायची आणि तिला बुडबुडे जवळजवळ नसायचे, त्यामुळे तिथे हा धोका कमी होता.

बिअर तयार झाली की यीस्ट काढून घ्यायचं. व्हॉसला ते तळाच्या गाळातून काढतात, होर्निनदालला वरच्या फेसातून. आता ते बेकिंगच्या कागदावर पातळ पसरून वाळवतात. वाळलं की त्याचे तपकिरी, कुरकुरीत पापुद्रे होतात. ते डबीत भरून फ्रीजरमध्ये ठेवतात.

युरोपातल्या मोठ्या ब्रुअरींनी वेगळी वाट धरली. लुई पाश्चरचा बिअरवरचा ग्रंथ 1876 मध्ये आला. 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिश्चियन हान्सेन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवण्याची पद्धत बसवली. त्यानंतर शुद्ध, एकजात यीस्ट आणि थंड तळघरं हाच उत्तम बिअरचा मार्ग मानला गेला. पुढे दुकानात बेकरीचं ताजं यीस्ट सहज मिळू लागल्यावर नॉर्वेतल्याही अनेक घरांनी आपलं यीस्ट राखणं सोडलं. 1950 च्या दशकात तिथल्या लोकजीवनाच्या अभ्यासकांनी गावोगाव प्रश्नावल्या पाठवून या परंपरेची माहिती जमवली. तिच्या आधारे ऑड नूरलांड यांनी 1969 मध्ये मोठं पुस्तक लिहिलं. पण यीस्टचा जीवशास्त्रीय अभ्यास तेव्हा झाला नाही आणि दरम्यान कितीतरी घरांचं यीस्ट कायमचं गेलं.

उरलेलं जगापुढे आलं त्याचं मोठं श्रेय लार्श मारियुस गार्शोल यांना जातं. पेशाने सॉफ्टवेअरमधले असलेले गार्शोल गावोगाव हिंडले, शेतघरांत उभे राहून त्यांनी बिअर करताना पाहिली, नमुने गोळा केले, ते प्रयोगशाळांना पाठवले. या यीस्टची त्यांनी क्रमवार नोंदवहीच केली. त्यातलं पहिलं नाव व्हॉसमधल्या एका घरच्या यीस्टचं आहे. 2018 मध्ये कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या संशोधकांनी गार्शोल यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या निबंधात दिसलं की, क्वाइकची वाणं जगातल्या इतर ब्रुअरी यीस्टपेक्षा जनुकीयदृष्ट्या वेगळा गट आहेत. त्यांतली बरीच वाणं 40 अंशांच्या पुढेही वाढतात.

यामागचं कारण शेतकऱ्यांच्या वापरातच आहे. बर्फ नसताना मोठा हंडा गार व्हायला फार वेळ लागतो आणि तेवढ्यात नको ते जिवाणू रसात शिरतात. म्हणून रस कोमट असतानाच यीस्ट घालणं सोयीचं होतं. त्या उष्णतेत जे झपाट्याने वाढलं तेच पुढच्या खेपेला उरलं. जे वाळवण्यात मेलं ते आपोआप गळालं. ज्या खेपेची चव बिघडली, तिचं यीस्ट कुणी ठेवलं नाही. ही निवड शेकडो वर्षं चालू राहिली. क्वाइकच्या पेशींत ट्रेहलोज नावाची साखर साठते, असं पुढच्या अभ्यासात आढळलं. ही साखर पेशीला उष्णतेपासूनही वाचवते आणि कोरडं पडण्यापासूनही.

उष्ण प्रदेशातल्या हौशी लोकांना क्वाइकचं महत्त्व वेगळं सांगायला नको. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात नेहमीचं यीस्ट 20 अंशांवर धरून ठेवायचं तर फ्रीज अखंड चालवावा लागेल. अर्थात महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये किंवा खुद्द नॉर्वेत स्वतःपुरती बिअर घरी करता येते. अशा देशांत राहणारे मराठी लोक ती कायदेशीररीत्या करू शकतात.

आता क्वाइकचं कोरडं पाकीट दुकानात मिळतं. यीस्ट विकणाऱ्या कंपन्यांनी या नमुन्यांतून एकेक वाण वेगळं काढून बाजारात आणलं आहे. ते सोयीचं आहे आणि दर खेपेला सारखाच परिणाम देतं. पण शेतघरातलं यीस्ट सहसा एकाच वाणाचं नसतं. त्यात अनेक वाणं एकत्र नांदतात, काहींत जिवाणूही असतात, आणि त्या घरच्या बिअरची चव त्या सगळ्यांची मिळून असते. पाकिटातल्या एका वाणातून ती सगळी उतरत नाही. म्हणून गार्शोल यांच्यासारखे लोक मूळ मिश्रण जसंच्या तसं राखण्याचा आग्रह धरतात. पश्चिम नॉर्वेत शेतघरी बिअरचा उत्सव भरतो आणि जुन्या घरांतले लोक तिथे आपली बिअर पाजायला आणतात. कित्येक घरांचे पापुद्रे आज साध्या लिफाफ्यातून जगभरच्या हौशी लोकांकडे जातात. म्हणजे एका घरचं यीस्ट उद्या नष्ट झालं, तरी ते मागून आणण्यासाठी आता शेजारी पुष्कळ आहेत.