तीन फेऱ्या, एक उपसा

1882 साल. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातलं बटेव्हिया हे गाव तेव्हा पवनचक्क्यांच्या कारखान्यांसाठी नावाजलेलं होतं. तिथे थॉमस पेरी नावाचा इंजिनिअर पवनचक्कीची चाकं तपासत होता, तेही चक्क बंद खोलीत. खोलीत वारा नव्हता आणि तो नसावा, हीच त्याची अट होती.

एका लांब आडव्या दांड्याच्या टोकाला पाच फूट व्यासाचं चाक बसवलेलं. वाफेच्या इंजिनावर दांडा गोल फिरे आणि चाक स्थिर हवा कापत पुढे जाई. वारा चाकावर आणण्याऐवजी पेरीने चाकच हवेवर नेलं होतं. कारण उघड्यावरचा वारा कुणाचंच ऐकत नाही. सकाळी एक चाक तपासावं आणि दुपारी दुसरं, तोवर वाऱ्याने वेग आणि दिशा दोन्ही बदललेलं असतं. मग चाक चांगलं की वारा चांगला, हे ठरवणार कसं? इंग्लंडच्या जॉन स्मीटनने हीच युक्ती 1759 साली मांडली होती. त्याचा दांडा हाताने दोरी ओढून फिरवावा लागे. पेरीजवळ इंजिन होतं, त्यामुळे हवा तोच वेग पुन्हा पुन्हा, हवा तितका वेळ मिळत होता.

पेरी ज्या कंपनीत नोकरीला होता, तिचं नाव युनायटेड स्टेट्स विंड इंजिन अँड पंप कंपनी. तिच्या मुळाशी होता डॅनियल हॅलडे. वाऱ्याकडे आपणहून तोंड फिरवणारी आणि वादळ आलं की आपणहून अंग चोरणारी पवनचक्की त्याने 1854 मध्ये कनेक्टिकटमध्ये बनवली. पण गिऱ्हाईक पश्चिमेला होतं. तिकडच्या माळरानांवर पाणी जमिनीखाली खोल होतं. रेल्वेच्या इंजिनांना ठरावीक अंतरावर पाणी लागायचं. म्हणून 1863 मध्ये धंदा बटेव्हियाला आला. पुढे 1874 नंतर काटेरी तारेची कुंपणं पसरली, तेव्हा नदीओढ्यांवर जाणारी गुरंही अडली, आणि कुंपणाच्या आत पाणी उपसणं भाग पडलं. धंदा जोरात चालला.

चक्की मात्र लाकडी होती. चाकात लाकडाच्या पातळ, सपाट पट्ट्या तिरप्या ठोकलेल्या. त्यांचा आकार आणि कोन सुतारांच्या अनुभवातून ठरलेला. तो तसाच का, हे कुणी मोजून पाहिलं नव्हतं. पेरीने ते पाहिलं. साठाहून अधिक प्रकारची चाकं आणि 5,000 पेक्षा जास्त चाचण्या. पात्यांची संख्या, रुंदी, कोन, बाक असं एकेक बदलत तो नोंदी करत गेला.

1883 मध्ये चाचण्या संपल्या, तेव्हा उत्तर कागदावर होतं. सपाट लाकडाऐवजी बाक दिलेला पोलादी पत्रा वापरायचा, पात्यांच्या वाटेत येणारे लाकडी अडसर काढायचे, कोन नेमका ठेवायचा. असं चाक त्याच वाऱ्यातून प्रचलित लाकडी चाकापेक्षा 87 टक्के जास्त काम काढत होतं. जवळजवळ दुप्पट!

कंपनीने हे चाक बनवायला घेतलं नाही. तिचा कारखाना, विक्री आणि नाव सगळं लाकडी चाकावर उभं होतं. पेरीने नोकरी सोडली.

त्याला साथ मिळाली ती शिकागोच्या लाव्हर्न नॉइसची. जाडजूड शब्दकोश उघडा ठेवण्यासाठी तारेची घोडी बनवून विकणारा हा उद्योजक. पवनचक्कीशी त्याचा संबंध नव्हता, त्यामुळे जुन्या मालाचा लोभही नव्हता. त्याने पैसा लावला.

पण चांगलं चाक म्हणजे चांगली पवनचक्की नव्हे. चाक वर गोल फिरतं आणि पंप खाली वर-खाली चालतो. या दोघांची गाठ घालायची, तर मधल्या यंत्रणेचा हिशेब चाकाइतकाच काटेकोर हवा.

तळाशी काय असतं ते आधी बघू. आपल्या हापशाच्या पोटात असतं तेच. विहिरीत उतरवलेल्या नळाच्या खालच्या टोकाला सिलिंडर, त्यात चामडी वायसर लावलेला दट्ट्या, दट्ट्यात एक झडप आणि तळाला दुसरी. दट्ट्या वर आला की वरचं पाणी उचललं जातं आणि खालून नवं आत शिरतं. तो खाली जाताना त्याची झडप उघडते, पाणी दट्ट्याच्या वर येतं. म्हणजे सगळं ओझं वर येतानाच. सिलिंडर दोन इंची आणि पाणी शंभर फूट खाली असेल, तर प्रत्येक उचलीला सुमारे 62 किलो पाण्याचा भार. दांड्याचं वजन वेगळं.

आता जुनी रचना. चाकाच्या आसावर क्रँक, क्रँकला जोडदांडा आणि त्याला पंपाचा लांब दांडा. चाकाची एक फेरी, पंपाची एक उचल. यात दोन अडचणी. पहिली सुरुवातीची. अशा पंपाला उचलीच्या मध्यावर लागणारा पीळ सरासरीच्या तिपटीहून थोडा जास्त असतो. एकदा फिरू लागलेलं चाक आपल्या वेगाच्या जोरावर तो टप्पा ओलांडतं, पण थांबलेल्या चाकाला तो सगळा पीळ वाऱ्याकडूनच मिळवावा लागतो. झुळूक येते, पाती हलतात, दांडा थोडा वर सरकतो आणि तिथेच अडतो. दुसरी अडचण वेगाची. पेरीचं चाक चपळ होतं. त्याने मिनिटाला शंभर फेऱ्या घेतल्या, तर दांड्यानेही शंभर वेळा वर-खाली करायचं? दांडा खाली जातो तो स्वतःच्या वजनाने. क्रँक त्याहून घाईत असला, तर तो दांड्याला ढकलू लागतो. मग दांडा वाकतो, जोड खिळखिळे होतात, सिलिंडर हादरे खातो. चाक जितकं चांगलं, तितका पंप लवकर मोडणार!

पेरीने मध्ये गिअर घातले. चाकाच्या आसावर लहान दातेरी चाक, त्यात अडकलेलं मोठं दातेरी चाक, आणि क्रँक त्या मोठ्या चाकाला. आता पवनचक्कीच्या साधारण तीन फेऱ्यांना पंपाची एक उचल. एका बदलाने दोन्ही अडचणी सुटल्या. दांडा सावकाश चालू लागला, आणि चाकाला सुरुवातीला लागणारा पीळ तिसऱ्या हिश्श्यावर आला. ज्या झुळुकीत जुनी चक्की नुसती डुलायची, त्यात ही पाणी काढू लागली.

एक गोष्ट मुद्दाम पाहण्यासारखी. वारा फिरला की मनोऱ्यावरचं सगळं डोकं फिरतं, पण विहिरीतला दांडा फिरून चालत नाही. म्हणून दांडा डोक्याच्या फिरण्याच्या बरोबर मध्यबिंदूतून, पोकळ नळीतून खाली उतरतो आणि त्याच्या जोडात भोवऱ्यासारखा फिरणारा सांधा असतो. खालच्या भागात लाकडी दांड्याचा एक तुकडाही असतो. पंप गोठला किंवा अडकला, तर तोच आधी मोडतो. त्यामुळे वरचे महागडे गिअर वाचतात.

1888 मध्ये ही पवनचक्की 'एअरमोटर' नावाने बाजारात आली. स्पर्धकांनी 'गणिती पवनचक्की' म्हणून तिची टर उडवली. पहिल्या वर्षी विकल्या गेल्या अवघ्या 45. पुढचे आकडे कंपनीने जाहिरातीतच छापले : 1889 मध्ये 2,288, 1890 मध्ये 6,268 आणि 1891 मध्ये 20,049. टर थांबली आणि नकला सुरू झाल्या. लवकरच लाकडी चाकं मागे पडली.

दुखणं एकच उरलं होतं, तेलाचं. उघड्या गिअरना वंगण द्यायला सारखं मनोऱ्यावर चढावं लागे. 1915 मध्ये एअरमोटरने गिअर बंद पेटीत, तेलात बुडवून ठेवले. मोठी दातेरी चाकं दोन, जोडदांडे दोन, म्हणजे ओढ दोन्ही बाजूंनी सारखी. तेल वर्षातून एकदा बदललं की पुरे.

पेरीच्या चाचण्यांचा अहवाल अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने 1899 मध्ये प्रसिद्ध केला. त्यातला 87 टक्क्यांचा आकडा आजही सांगितला जातो, आणि श्रेय बाकदार पात्यांना मिळतं. ते खरं आहे, पण अर्धंच. पात्यांनी वाऱ्यातून जास्त शक्ती काढली. ती शक्ती पंपाला सोसेल आणि उपयोगी पडेल अशी केली ती मधल्या गिअरने आणि दांड्याने. एअरमोटर कंपनी आता टेक्सासमध्ये आहे. तिथे बनणाऱ्या पवनचक्कीची रचना अजून मूळची तीच आहे : बाकदार पोलादी पाती, तेलात बुडालेले गिअर आणि तीनेक फेऱ्यांना पाण्याची एक उचल.